विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी समुद्रात कुठे आणि केव्हा उतरावे : रत्नागिरीत सुट्टीचे घर घेणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांसाठी

आमच्या लातूर-धाराशिवकडच्या माणसाला पोहायला शिकवते ती विहीर. कमरेला दोर, पाठीला वाळलेला भोपळा किंवा तेलाचा रिकामा डबा, काठावर दोराचे टोक धरून बसलेले वडील किंवा चुलते, आणि एके दिवशी न सांगता त्यांनी ढिला सोडलेला तो दोर, अशा रीतीने शिकलेला माणूस स्वतःला पट्टीचा पोहणारा समजतो आणि विहिरीपुरते ते खरेही असते. विहिरीचे पाणी दुष्काळात खाली जाते, परंतु ते माणसाला ओढून नेत नाही. समुद्राचे पाणी मात्र दिवसातून चार वेळा दिशा बदलते, आणि त्यामुळे सकाळी आठ वाजता जिथे लहान मुले निर्धास्त डुंबत होती, त्याच जागी दुपारी दोन वाजता धडधाकट माणसाचे पाय वाळूवरून सुटू शकतात. समुद्रकिनाऱ्याच्या गावी राहायला गेल्यावर ‘इथे पोहायला जागा कुठे आहे’ हा प्रश्न अर्धाच असतो. ‘त्या जागी किती वाजता उतरायचे’ हा त्याचा उरलेला अर्धा भाग आहे, आणि आपल्याकडची माणसे नेमका तोच विचारायला विसरतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्याच्या आगेमागे आमच्या भागातल्या कितीतरी विहिरी कोरड्या होत्या. त्या वर्षांत पोहायला शिकण्याच्या वयात असलेली मुले आज वीस-बावीस वर्षांची आहेत आणि त्यांपैकी अनेकांना पोहता येत नाही. तीच मुले मित्रांबरोबर गाडी करून कोकणात जातात. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून मी रत्नागिरी शहर घेतले आहे, कारण तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर करत आंबा घाट उतरून हातखंब्याला पोहोचणारा रस्ता आपल्याकडच्या लोकांच्या सवयीचा आहे. मात्र यातील बहुतेक रीत मालवण, गुहागर किंवा अलिबाग येथेही तशीच लागू पडते.

घर ठरवण्यापूर्वी

जाहिरातीतील ‘समुद्र पाच मिनिटांवर’ या शब्दांवर विसंबून पैसे भरू नयेत. काही वर्षांपूर्वी आम्ही असेच एक घर घेतले होते. समुद्र खरोखर पाच मिनिटांवर होता, परंतु घर कड्यावर होते, खाली काळा कातळ होता आणि वाळूपर्यंत जाण्यासाठी गाडी काढून मोठा वळसा घ्यावा लागत असे. आईला तर सबंध तीन दिवस समुद्र गच्चीवरूनच पाहावा लागला. तेव्हापासून मी घरमालकांना फोनवर तीन प्रश्न विचारतो: घरापासून वाळूपर्यंत पायी किती वेळ लागतो, वाटेत चढउतार किंवा पायऱ्या आहेत का, आणि त्या वाळूवर गावातले लोक स्वतः पाण्यात उतरतात का. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला थोडा जरी विलंब लागला, तरी त्यावरून बरेच कळते.

त्यानंतर मोबाइलवरील नकाशा उपग्रहाच्या दृश्यात उघडावा आणि घराभोवतीचा किनारा मोठा करून पाहावा. सरळ, लांब आणि फिकट पट्टा दिसत असेल तर ती वाळू. पाण्याच्या कडेने काळे, दातेरी ठिपके दिसत असतील तर तो कातळ. आणि जमिनीतून एखादी निळसर-करडी वाट समुद्राला मिळत असेल तर ते खाडीचे मुख. कातळाच्या आणि खाडीच्या मुखाच्या आसपासची जागा पोहण्यासाठी त्याच वेळी मनातून काढून टाकावी. ओहोटीच्या वेळी संपूर्ण खाडीतील पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडत असते आणि त्या ओढीपुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. जेटी आणि मासेमारीच्या होड्या लागण्याची ठिकाणेही अशीच वगळावीत, कारण तिथे दोर, जाळ्यांचे तुकडे, शिंपल्यांच्या धारा आणि होड्यांचे पंखे असतात.

रत्नागिरी शहराचा मोठा भाग उंचावर वसलेला आहे. मारुती मंदिर किंवा साळवी स्टॉपच्या परिसरात घर घेतले, तर बाजार आणि बसस्थानक सोयीचे पडते, परंतु पोहायला प्रत्येक वेळी वाहनाने खाली उतरावे लागते. केवळ समुद्रासाठी जाणार असाल, तर भाट्ये किंवा त्याच्या पुढच्या पावस रस्त्यावरील गावांत घरगुती निवास शोधणे मला अधिक योग्य वाटते.

महिना आणि तिथी

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणातील समुद्रात पोहायला उतरू नये. याला अपवाद नाही. राज्याच्या सागरी हद्दीत 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीचीही बंदी असते, आणि पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जगणारा कोळी समाज नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच नव्या हंगामाला सुरुवात करतो. ज्या पाण्यात ते होडी घालत नाहीत, त्या पाण्यात आपण मुलांना नेण्याचे कारण नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला असतो. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्यांमुळे अनेकांना मे महिन्यातच जावे लागते; तेव्हा सकाळची वेळ धरावी आणि महिन्याच्या अखेरीस समुद्राचा रंग गढूळ होऊन लाटा उंचावू लागल्या, तर वाळूवरूनच परतावे. हैदराबाद येथील इन्कॉइस ही केंद्रीय संस्था उंच लाटांचे इशारे प्रसिद्ध करते. दूरच्या वादळामुळे येणाऱ्या लाटा इथे वारा पडलेला असतानाही येतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ते इशारे अवश्य पाहावेत.

महिना ठरला की भिंतीवरची दिनदर्शिका काढावी. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढण्याची जुनी रीत आहे आणि ती आपल्यासारख्या पंचांग पाहणाऱ्या माणसांना लगेच समजते. शुक्ल असो वा कृष्ण, पक्षातील तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि दररोज ही वेळ पाऊण ते एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते, त्याला उधाण म्हणतात; अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो, त्याला भांगाची भरती म्हणतात. हा हिशेब अंदाजापुरता आहे. जागेनुसार त्यात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून त्या त्या बंदराचे भरतीचे वेळापत्रक मोबाइलवर पाहून किंवा स्थानिक माणसाला विचारून तो पक्का करावा.

पाण्यात उतरण्यासाठी पाणी चढते असावे, उतरते नसावे. चढते पाणी माणसाला किनाऱ्याकडे ढकलते, तर उतरत्या पाण्याबरोबर तो नकळत आत जातो. सकाळी पोहायचे असेल तर एकादशी ते त्रयोदशीचे दिवस सोयीचे असतात, कारण त्या दिवसांत सकाळी साडेसहा-सातपासून पुढचे दीड-दोन तास पाणी चढत असते आणि ऊनही कोवळे असते. संध्याकाळी उतरायचे असेल तर सप्तमी ते नवमी बरी, कारण चार ते साडेपाच या वेळेत पाणी हळूहळू वर येत असते. उधाणाच्या दिवशी मात्र पूर्ण भरतीच्या वेळी लाटा थेट वाळूच्या उतारावर आपटतात, तेव्हा मुलांना दूर ठेवावे. मी स्वतः गावाकडून निघण्याची तारीख शक्यतो याच हिशेबाने ठरवतो. रजा मिळण्याची अडचण प्रत्येकाला असते, तरी एखादा दिवस मागेपुढे करता आला तर तो करावा.

पहिला दिवस फक्त पाहण्याचा

लातूरहून रात्री निघालेली गाडी सकाळी रत्नागिरीत पोहोचते. रात्रभर झोप नसलेली, घाटातील वळणांनी अवघडलेली मुले सामान टाकून थेट पाण्याकडे धावतात. हे होऊ देऊ नये. थकलेल्या शरीराला पाण्यात लवकर गोळे येतात आणि त्या पहिल्या उत्साहात कोणी कुठे आहे याचे भानही राहत नाही. पहिल्या दिवशी जेवून, झोप काढून, संध्याकाळी अंगावरच्या कपड्यांनिशी किनाऱ्यावर जावे आणि अर्धा तास उंच जागेवरून पाण्याकडे पाहत बसावे.

काय पाहायचे, ते सांगतो. लाटा किनाऱ्यावर सगळीकडे सारख्या फुटत नाहीत. एखाद्या ठिकाणी दोन्ही बाजूंना पांढरा फेस असतो आणि मधल्या पट्ट्यात लाटच फुटत नाही. तिथले पाणी शांत, थोडे गडद आणि कधी वाळूमुळे मातकट दिसते, आणि त्यावरचा फेस व काडीकचरा हळूहळू आत जात असतो. विहिरीची सवय असलेल्या डोळ्यांना नेमकी तीच जागा पोहण्यास उत्तम वाटते. प्रत्यक्षात ती परतीच्या प्रवाहाची जागा असते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी तिथून समुद्राकडे परत जात असते. मी एकदा सुरूची वाळलेली फांदी अशा पट्ट्यात टाकून पाहिली. बाजूच्या लाटांत टाकलेली दुसरी फांदी पायाशी परत आली. ही मात्र मी मनात शंभर आकडे मोजेपर्यंत पुष्कळ आत गेली होती. मुलांना असे एकदा करून दाखवावे, कारण दहा वेळा सांगून जे पटत नाही, ते त्यांना त्या फांदीकडे पाहून पटते.

त्याच संध्याकाळी माणसांशी बोलावे. ‘इथे पोहता येते का?’ असे विचारले तर पाहुण्याला नाराज करायचे नाही म्हणून ‘येते की’ असे उत्तर मिळते. त्याऐवजी घरमालकिणीला विचारावे, “काकू, तुमची पोरं कुठं पोहतात, आणि कुठं तुम्ही त्यांना जाऊ देत नाही?” जाळी विणत बसलेल्या एका वयस्कर कोळ्याला मी हेच विचारले, तेव्हा त्यांनी हातातले काम थांबवून मला बोटाने दोन जागा दाखवल्या आणि म्हणाले, “त्या सुरूच्या झाडांच्या समोर उतरा. खाडीच्या अंगाला नको. आणि पाणी उतरायला लागलं की बाहेर या, भाऊ, मग थांबायचं नाही.” माझ्या पुढच्या सगळ्या फेऱ्या या तीन वाक्यांवर झाल्या आहेत. किनाऱ्यावर जीवरक्षक नेमलेले असतील, तर त्यांची कामाची वेळ विचारून घ्यावी आणि ते असतील तेव्हाच उतरावे.

रत्नागिरीतील किनारे

शहराला अगदी लागून असलेला मांडवीचा किनारा काळ्या वाळूचा आहे. तिथे जेटी आहे, संध्याकाळची गर्दी असते, खाण्याच्या गाड्या असतात. फिरण्यासाठी आणि सूर्यास्तासाठी तो सुंदर आहे, पण खाडीचे मुख आणि खडक जवळ असल्यामुळे मी तिथे पोहत नाही. मिऱ्याकडचा पांढरा समुद्र नावाप्रमाणे फिकट वाळूचा आहे. लाटांनी किनारा खाल्ल्यामुळे त्या पट्ट्यात दगडी बंधारा घातलेला आहे आणि दगडांच्या जवळ लाटेने माणूस आपटण्याचा धोका असतो.

भाट्ये हा मला नवख्यांसाठी सर्वांत समजण्यासारखा किनारा वाटतो. काजळी नदीच्या खाडीवरील पूल ओलांडला की सुरूचे बन आणि त्यापुढे लांब, सरळ वाळू दिसते. खाडीकडचे उत्तरेचे टोक सोडून द्यावे, बनाच्या मध्यभागासमोर यावे आणि चढत्या पाण्यात कमरेपर्यंतच्या खोलीत राहावे. सरळ किनाऱ्याचा फायदा असा, की कोण कुठे आहे हे काठावर बसलेल्या माणसाला एका नजरेत दिसते.

आरे-वारे येथील वळणावरून दिसणारे दृश्य पाहून प्रत्येकाला गाडी थांबवून खाली धावावेसे वाटते. त्या पाण्यात आणि गणपतीपुळ्याच्या पाण्यात बाहेरगावची माणसे बुडाल्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. वाळूचा उतार अचानक खोल होतो आणि ओढ जबर असते. स्वयंभू गणपतीचे दर्शन घेऊन पाय भिजवावेत, गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये, आणि पोहण्याची हौस दुसरीकडे भागवावी. याबाबतीत माझे मत कडक आहे आणि ते मी बदलणार नाही.

जिल्ह्यातच थोडे दूर जाण्याची तयारी असेल, तर दापोलीजवळचे लाडघर आणि गुहागर या दोन्ही किनाऱ्यांना 2025 मध्ये ब्लू फ्लॅग हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले आहे. पाण्याची तपासणी, स्वच्छता आणि सुरक्षेची व्यवस्था पाहून ते दिले जाते. त्याचा अर्थ तिथे ओढ नसते असा नाही. तिथी आणि वेळ तिथेही पाहावीच लागते.

पोहण्याची खरी सवय नसलेल्यांनी आणि लहान मुलांनी शहरातील जलतरण तलावाची चौकशी करावी. एका दिवसासाठी प्रवेश मिळतो का, महिलांसाठी वेगळी वेळ आहे का, नायलॉनचा पोशाख आणि टोपी सक्तीची आहे का, आणि उथळ बाजूची खोली किती, हे फोनवर विचारले की फेरी वाया जात नाही. कोकणातील नदीतले डोह, ज्यांना तिथे कोंड म्हणतात, आणि पावसानंतर वाहणारे पऱ्हे दिसायला आपल्या ओढ्यांसारखेच दिसतात, पण त्यांच्या तळाशी कातळाच्या कपारी असतात. स्थानिक माणूस सोबत नसेल तर तिथे उतरू नये, आणि सूर तर मुळीच मारू नये.

पाण्यात उतरताना

आपल्याकडे शेततळ्यात ट्रॅक्टरची ट्यूब टाकून पोहण्याची पद्धत आहे, आणि अनेकजण ती ट्यूब गाडीच्या टपावर बांधून कोकणात नेतात. समुद्रात ती वापरू नये. शाळेत भूगोलात शिकलेले मतलई वारे रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. हलकी ट्यूब आणि तिच्यात बसलेले मूल त्या वाऱ्याने पाहता पाहता आत जाते, आणि मूल ट्यूबच्या भरवशावर असल्यामुळे त्याला ते कळतही नाही. त्याऐवजी अंगाला पट्ट्यांनी घट्ट बसणारे लाइफ जॅकेट घ्यावे.

कपड्यांविषयी संकोच न ठेवता बोलले पाहिजे. भिजलेली नऊवारी किंवा सहावारी साडी, जीन्स आणि ओढणी यांचे पाण्यात मोठे ओझे होते आणि त्या पायांत गुंडाळल्या जातात. घरातील स्त्रियांसाठी अंगासरशी, पातळ आणि लवकर वाळणारे कपडे आधीच घेऊन ठेवावेत. असे केले की त्या काठावर पिशव्या सांभाळत बसत नाहीत, त्याही पाण्याचा आनंद घेतात.

उतरताना काठावरची एक खूण, म्हणजे एखादे वाकडे सुरूचे झाड किंवा टपरी, मनात धरावी आणि दर काही मिनिटांनी आपण तिच्या समोर आहोत का ते पाहावे. पोहायचे ते किनाऱ्याला समांतर, आत नव्हे. खाऱ्या पाण्यात शरीर विहिरीपेक्षा सहज तरंगते, आणि त्या हलकेपणामुळे आपण अधिक चांगले पोहतो आहोत असे वाटते. त्या भावनेवर विश्वास ठेवू नये. उथळ वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेली पाकट मासळी दूर जाते. तिचा काटा लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते, आणि नंतर डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक वेळी एका मोठ्या माणसाने कोरडे राहून काठावर बसायचे आणि मोबाइल खिशात ठेवायचा, हा नियम आमच्या घरात आहे. पाळी बदलत राहते, म्हणून कोणाची तक्रार नसते.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून जोर लावू नये. दम तिथेच संपतो. आधी उताणे तरंगून श्वास सावरावा, हात वर करून हाक मारावी, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत प्रवाहाच्या बाहेर पडावे. प्रवाह सहसा अरुंद असतो. त्यातून बाजूला झाल्यावर लाटाच काठाकडे आणतात. दुसरा कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी घेऊ नये. आपल्याकडच्या विहिरींत आणि तळ्यांत एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. दोर, झाकण लावलेला रिकामा कॅन, लाइफ जॅकेट, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेकावे, आणि दुसऱ्याने त्याच वेळी 112 ला फोन करावा. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आणि रुग्णवाहिकेचा 108 आहे. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. पाठीवर झोपवून आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यावर 30 वेळा जोरात दाबून दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. गावातल्या आरोग्य केंद्रात हे शिकवत असतील, तर सहलीआधी घरातील दोघांनी ते शिकून घ्यावे.

घरी परतल्यावर

अंगावरचे मीठ आणि वाळू धुतली नाही तर रात्री काचते, म्हणून आल्याबरोबर गोड्या पाण्याने आंघोळ करावी. अंगणातील जांभ्या दगडाने बांधलेली विहीर पाहून आपल्या मुलांचे हात शिवशिवतात, हे मी जाणतो. त्या विहिरीत उतरू नये. बहुतेक घरांत तेच पिण्याचे पाणी असते. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु जांभा ते पाणी धरून ठेवत नाही आणि मे महिन्यात तिथल्या विहिरींचाही तळ दिसू लागतो. काकूंना विचारून, राहाटाने पाणी ओढून, परसातल्या माडाच्या बुंध्याशी उभे राहून अंग धुवावे, म्हणजे ते पाणी माडालाही मिळते. एका माणसाला एक बादली पुरते.